नाकाने घेतलेलं रीडिंग

९ सप्टेंबर २०१४, मंगळवार. रक्कम तीन लाख रुपये. ठिकाण पनवेलच्या एसटी स्टँडमागे माझ्या वकिलांचं ऑफिस. हजर होते कंपनीचे एचआर मॅनेजर, कंपनीचे वकील, माझे वकील, माझी बायको आणि मी. आदल्या दिवशी विसर्जन झालं होतं. मॅनेजरच्या कानामागे गुलाल राहिला होता. तो मान हलवायचा तेव्हा थोडा कॉलरवर झडायचा. बैठक संपेपर्यंत मी त्याच्या तोंडाकडे न बघता त्या कॉलरकडे बघत होतो.

तीन लाखांच्या बदल्यात माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. एक, मी माझा नुकसानभरपाईचा दावा मागे घ्यायचा. दोन, माझ्याकडचा एक गुलाबी कागद त्यांच्या हवाली करायचा आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र द्यायचं. पहिल्या गोष्टीला माझी फारशी हरकत नव्हती. दुसरीसाठी हे सगळं लिहितो आहे.

मी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात एकोणीस वर्षं केमिस्ट होतो, त्यातली शेवटची आठ वर्षं सांडपाण्याच्या प्लँटवर. कारखान्याची सगळी घाण तिथे येते, टाक्यांमधून फिरते आणि निदान कागदावर तरी स्वच्छ होऊन बाहेर जाते. टाक्यांच्या तळाशी गाळ साचतो. तीन-चार महिन्यांनी ठेक्यावरचे मजूर आत उतरून तो उपसतात. त्या गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा वायू. थोडा असला तर वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं आणि काहीच कळत नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि नव्याने लागलेल्या पोरांना शिकवायचो.

माणूस उतरण्यापूर्वी मीटरने आतली हवा तपासायची आणि परमिटवर तीन आकडे लिहायचे, असा नियम होता. ऑक्सिजन किती, पेट घेणारा वायू किती, हायड्रोजन सल्फाइड किती. मीटर एकच होतं आणि वर्षातले निम्मे दिवस ते दुरुस्तीला असायचं. मग मी टाकीच्या झाकणापाशी वाकून वास घ्यायचो. माझं नाक चांगलं, असा कारखान्यात लौकिक होता. ड्रममध्ये कुठलं सॉल्व्हंट आहे हे मी लेबल न बघता सांगायचो. प्रॉडक्शनवाले म्हणायचे, साहेबांचं नाक आहे तर मीटर कशाला हवं. मला ते ऐकायला आवडायचं. मी वास घ्यायचो आणि लिहायचो: २०.९, शून्य, शून्य. किराण्याच्या बिलात दोन रुपयांचा फरक आला तर दुकानात परत जाणारा माणूस मी. पण हे तीन आकडे न मोजता लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. कितीतरी वर्षं असं चाललं होतं आणि कोणाला काही झालं नव्हतं.

११ जानेवारी २०१२ ला मीटर पुन्हा दुरुस्तीला गेलं. गेटपास मीच केला. परत येणाऱ्या वस्तूच्या गेटपासाच्या तीन प्रती असतात. पांढरी मालाबरोबर जाते, पिवळी गेटवर राहते, गुलाबी पाठवणाऱ्याकडे. गुलाबी प्रत मी माझ्या डायरीत घडी घालून ठेवली, मीटर परत आलं की तिच्यावर तारीख टाकायची म्हणून. मीटर ३ एप्रिलला परत आलं.

मधे १६ फेब्रुवारी आली. सकाळी पावणेअकराला दोन नंबरच्या टाकीचं झाकण उघडलं. उतरणारा मजूर तीस वर्षांचा होता, डोंगराच्या कडेला असलेल्या एका वाडीतला. पावसाळा सोडून वीटभट्टीवर जायचा, ते काम बंद झालं म्हणून ठेकेदाराकडे लागला होता. महिना पाच हजार. मी वाकून वास घेतला आणि परमिट भरलं. त्याने तोंडाला रुमाल बांधला, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर बघून विचारलं, "साएब, वास नाय ना?"

"नाही. उतर," मी म्हणालो.

मला खरंच वास आला नव्हता. गाळ हलवेपर्यंत वायू त्यात अडकून राहतो, हेही खरं. आणि आठ वर्षांत माझं नाक बोथट झालं असेल, हेही खरं. त्या दिवशी यातलं काय घडलं ते मला आजही सांगता येत नाही, कारण मी मोजलं नव्हतं. त्याने चार-पाच फावडी मारली आणि तो बसला. मला वाटलं, पाय घसरला. मग तो गाळात तोंडावर पडला. दोर टाकून वर काढायला वीस मिनिटं लागली. मी तोवर झाकणापाशी उभा राहून त्याला हाका मारत होतो. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. "अरे, अरे" एवढंच म्हणत होतो.

दुपारी तोच एचआर मॅनेजर प्लँटवर आला आणि परमिटचं पुस्तक बघून म्हणाला, "व्यवस्थित भरलंय, सर. थँक यू." पुस्तक काखेत मारून तो गेला. ठेकेदाराने वाडीवर जाऊन पंधरा हजार रुपये दिले आणि पावतीवर अंगठा घेतला. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण राखून ठेवलं होतं. पुढे व्हिसेराच्या अहवालात काही सापडलं नाही. कंपनीने म्हणणं दिलं की माणसाचं हृदय बंद पडलं, टाकीतली हवा चांगली होती. पुरावा काय, तर केमिस्टने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं शून्य.

चौथ्या दिवशी बायकोने कुकरचं झाकण काढलं आणि मला कुजलेल्या अंड्याचा तो वास आला. भाताला येत होता. मी ताट बाजूला सारलं, तर बायकोने भात नाकाला लावून बघितला आणि म्हणाली, आंबेमोहोर आहे, चांगला आहे. संध्याकाळी चहाला आला. मग टॉवेलला, उशीला, बायकोच्या केसांना. ती न्हाऊन जवळून गेली की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. घरात अंडी बंद झाली, मग लसूण, मग डाळ. माझं वजन चार महिन्यांत अकरा किलोंनी उतरलं. कारखान्याच्या गेटापाशी न उतरता बसने पुढच्या थांब्यापर्यंत जायचो आणि चालत मागे यायचो. नोव्हेंबरात नोकरी सोडली.

सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, नाकाच्या डॉक्टरकडे पाठवून तपासणी करून घेतली आणि सांगितलं की नाकात दोष नाही, हा धक्क्यानंतरचा मानसिक आजार आहे आणि तो कामामुळे झालेला आहे. वास कधी येतो, किती येतो ते लिहून ठेवा म्हणाल्या. मी वही केली. तारीख, वेळ, दहापैकी किती. सात महिन्यांची वही बघून त्यांनी दाखला दिला की माझी कमावण्याची ताकद चाळीस टक्के कमी झाली आहे. त्यावर वकिलांनी दावा तयार केला. कायद्यात तेव्हा पगार आठ हजारांपर्यंतच धरायचे. त्याचे साठ टक्के, गुणिले माझ्या वयासाठी कायद्याच्या तक्त्यात दिलेला आकडा १७२.५२, त्याचे चाळीस टक्के. तीन लाख एकतीस हजार दोनशे अडतीस. मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं उरली होती आणि फ्लॅटचं कर्ज चालू होतं. बायको एका पतसंस्थेत क्लार्क होती, तिच्या पगारात हप्ता भागायचा, फी नाही.

दाव्यात आम्ही लिहिलं की माझ्या डोळ्यांदेखत माणूस मेला आणि त्या धक्क्याने मी आजारी पडलो. मीटर कारखान्यात नव्हतं हे लिहिलं नाही. वकील म्हणाले, तुमच्या दाव्याला त्याची गरज नाही, उलट तुम्हीच अडकाल. मला ते पटलं. पटवून घ्यायला फार वेळ लागला नाही, हेही इथे लिहायला हवं.

कंपनीने मागणी केली की त्यांच्या डॉक्टरकडून माझी तपासणी व्हावी. ती कारखान्याच्याच दवाखान्यात झाली. डॉक्टरांच्या टेबलावर स्टीलचा डबा होता. त्यांनी माझं ब्लडप्रेशर घेतलं, डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली काहीतरी धरलं. मी डोळे उघडले. उकडलेलं अंडं होतं, अर्धं सोललेलं. मला मोरीत जाऊन ओकारी झाली. बाहेर आलो तेव्हा डॉक्टर अहवाल लिहीत होते आणि खुर्चीत बसलेला मॅनेजर त्यांना म्हणत होता, "वाया घालवू नका हां, मीठ आहे माझ्याकडे." आणि ते अंडं डॉक्टरांनी खरंच खाल्लं, माझ्यासमोर, अहवालाची शेवटची ओळ लिहिता लिहिता. अहवालात लिहिलं होतं की अंड्याला अंड्याचा वास येणं हे नाक निरोगी असल्याचं लक्षण आहे.

तोपर्यंत मी मॅनेजरसाठी "सर" होतो. दावा लावल्यापासून "काका" झालो. माझ्याहून तो फार तर बारा वर्षांनी लहान असेल.

२०१४ च्या मार्चमध्ये माझी उलटतपासणी झाली. कंपनीच्या वकिलाने विचारलं, राहता कुठे. मी सांगितलं, पनवेलमध्ये. संध्याकाळी तळोज्याकडून वारा आला की तिकडच्या लोकांना वास येतो, हे खरं का? खरं. नव्या बिल्डिंगीतले लोक त्याबद्दल तक्रारी करतात, हे खरं का? खरं. "मग त्या सगळ्यांना नुकसानभरपाई द्यायची का?" कोर्टात हशा झाला. माझे वकीलही हसले. मग कंपनीच्या वकिलाने माझी वही वर धरली. इतकी टापटीप वही, वेळेसकट, एकही खाडाखोड नाही. मनाने आजारी माणूस असे हिशेब ठेवू शकतो का? मी म्हणालो, मी सगळेच हिशेब असे ठेवतो. "परमिटवरचेसुद्धा?" त्याने विचारलं. मी म्हणालो, हो.

शपथेवर म्हणालो.

त्या कोर्टाबाहेर एक लांब बाक होता. मेलेल्या मजुराच्या बायकोचा दावाही तिथेच चालू होता, आणि बरेचदा दोघांच्या तारखा एकाच दिवशी यायच्या. ती आणि तिची सासू पहाटे वाडीतून निघून यायच्या, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या, पिशवीतली भाकरी खायच्या. तिला सरकारकडून फुकट वकील मिळाली होती, एक तरुण मुलगी. मीटर कधी बाहेर गेलं होतं ते बघायला तिने कंपनीकडे गेटचं रजिस्टर मागितलं होतं. पावसात भिजून खराब झालं, असं उत्तर आलं. वर्षभर मी त्या बाकावर पेपर वाचत बसलो. उलटतपासणी झाली त्या दिवशी मी बाहेर येऊन बसलो आणि ती माझ्याकडे सरकली.

"तुमी तवा थं उभं व्हतं ना?"

मी हो म्हणालो.

"तो काय बोलला शेवटला?"

मी तिला सांगितलं की त्याने विचारलं वास नाही ना, आणि मी म्हणालो नाही, उतर. ती म्हणाली, "त्याला वासाचा लय कंटाला व्हता. घरी आला का पयला आंगोल करायचा." सासूने विचारलं काय झालं, तर तिने भाकरीचं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं.

ऑगस्टमध्ये मॅनेजरचा फोन आला, मीटरच्या गेटपासाची गुलाबी प्रत माझ्याकडे आहे का विचारायला. कंपनीच्या फायलीतून गेटपासाच्या दोन प्रती नाहीशा झाल्या होत्या, म्हणजे कशा झाल्या असतील ते मला माहीत होतं, आणि तिसरी सापडत नव्हती. मी घरी शोधलं. गुलाबी प्रत २०१२ च्या डायरीत होती. जायची तारीख, यायची तारीख, गेटचा शिक्का. मी मूर्खासारखा सांगून बसलो की आहे. त्यानंतर तीन लाखांची बैठक ठरली.

बैठकीत मॅनेजरने प्रतिज्ञापत्र टाइप करूनच आणलं होतं. त्यात होतं की १६ फेब्रुवारी २०१२ रोजी मीटर चालू स्थितीत होतं, मी स्वतः त्याने रीडिंग घेतलं आणि हायड्रोजन सल्फाइड शून्य आढळला. माझ्या वकिलांनी ते वाचलं आणि रक्कम चेकने की डीडीने एवढंच विचारलं. मॅनेजर माझ्या बायकोकडे वळून म्हणाला, "काकू, तुम्हीच समजवा. पोरीची फी भरायचीये ना? आणि त्या वाडीचं काय, ती माणसं पैसे मिळाले की महिन्याभरात उडवतात."

बायकोने पर्स उघडून पाण्याची बाटली काढली, पाणी प्यायली आणि बाटली परत पर्समध्ये ठेवली. मी विचार करायला चार दिवस मागितले.

घरी आल्यावर ती म्हणाली की पैसे घ्या. स्पष्टच म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, मला वास येऊ नये म्हणून अडीच वर्षं ती घरात स्वयंपाक करून शेजारी जाऊन जेवत होती. "अहो, तुम्ही उतरवलंत त्याला, तुम्ही मारलं नाहीत," ती म्हणाली. "घ्या आणि संपवा." मी रात्रीचं भांडण इथे लिहीत नाही. तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र समोर घेऊन बसलो, पेन उघडलं आणि ते शून्य पुन्हा वाचलं. टाइप केलेलं होतं, पण सही माझी लागणार होती. न मोजलेला तोच आकडा मला पुन्हा लिहायचा होता, या वेळी पैसे घेऊन. मला वास आला नाही. मी पेनाला टोपण लावलं.

मी गुलाबी कागद घेऊन त्या मजुराच्या बायकोच्या वकिलाकडे गेलो. ती मुलगी कागद उलटसुलट करून बघत राहिली. म्हणाली, तुम्हाला माहिती आहे ना काय होईल? मी म्हणालो, माझ्या वकिलांनी सांगितलंय. बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही आणि नवव्या दिवशी पतसंस्थेतून फीसाठी कर्ज काढून आली. मला फक्त जामीनदाराच्या जागी सही करायला लावली.

२०१५ च्या जानेवारीत मी त्या मजुराच्या बायकोच्या दाव्यात साक्ष दिली. मीटर नव्हतं, मी नाकाने रीडिंग घ्यायचो, तिन्ही आकडे न मोजता लिहिले, आणि माझ्या दाव्यात शपथेवर खोटं बोललो. कंपनीचा तोच वकील उभा राहिला. या वेळी त्याने हसवलं नाही. म्हणाला, म्हणजे मनुष्य तुमच्या हातून गेला. मी हो म्हणालो. बाहेर आल्यावर मॅनेजर जिन्यात भेटला. "काका, फुकट गेलात," तो म्हणाला, आणि हे त्याने खऱ्या कळकळीने म्हटलं याचीच मला जास्त शिसारी आली.

पोलिसांनी माझा पुन्हा जबाब घेतला. निष्काळजीपणाचा खटला दाखल झाला, त्यात फॅक्टरी मॅनेजर आहेत आणि मी आहे. अजून तारखा पडतात. एचआर मॅनेजरचं नाव त्यात नाही, कारण त्याने कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. वास आता वहीत रोज नसतो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा असतो. भात मी खातो. अंडं घरात आलेलं नाही.

आता काय दिलं गेलं ते. मजुराच्या दाव्यात मूळ रक्कम पाच लाख एकोणीस हजार नऊशे पन्नास. साडेतीन वर्षांचं व्याज दोन लाख अठरा हजार तीनशे एकोणऐंशी. अंत्यविधीचे पाच हजार. ठेकेदाराने दिलेले पंधरा हजार वजा. सात लाख अठ्ठावीस हजार तीनशे एकोणतीस रुपये कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये कोर्टात भरले. त्यातले तीन लाख दोन मुलांच्या नावाने बँकेत ठेवले गेले, दोन लाख सासूला मिळाले, दोन लाख अठ्ठावीस हजार तीनशे एकोणतीस त्याच्या बायकोच्या खात्यात गेले. माझा दावा फेटाळला गेला. अर्जदाराने नोंद खोटी केल्याचं स्वतःच कबूल केलं आहे, एवढं एक वाक्य निकालात होतं. मला त्यात काही मिळालं नाही.

साक्ष दिली त्या दिवशी मात्र क्लार्कने मला थांबवून व्हाउचर पुढे केलं होतं. साक्षीदार भत्ता, दीडशे रुपये. साक्षीदाराला ज्या पक्षाने बोलावलं तो ते आधी भरतो, म्हणजे त्या मजुराच्या बायकोने भरले होते. मी म्हणालो, तिला परत द्या. क्लार्क म्हणाला, परत द्यायचा रकाना यात नाही, सही करा. ती बाकावर बसून बघत होती. मी सही केली आणि दीडशे रुपये घेतले.